वाचक विचारतात : चक्रीवादळ आणि आपला किनारा

मे महिना उजाडला की अरबी समुद्रातल्या कमी दाबाच्या बातम्या सुरू होतात आणि त्यांच्या पाठोपाठ या सदराकडे पत्रे येऊ लागतात. या वेळच्या बहुतेक पत्रांचा विषय चक्रीवादळ हाच असल्यामुळे सगळे सदर त्यालाच दिले आहे. एकाच आशयाची पत्रे एकत्र केली असून वाचकांची नावे नेहमीप्रमाणे गाळली आहेत.

प्रश्न (एक वाचक, गिरगाव) : ‘निसर्ग’ मुंबईवर येणार म्हणून आम्ही धास्तावलो होतो, ते अलिबागकडे गेले. ‘तौक्ते’ गुजरातकडे गेले. आमच्या चाळीतली वडीलधारी मंडळी म्हणतात की मुंबादेवी राखते, वादळ मुंबईत शिरत नाही. उलट माझ्या नातवाने इंटरनेटवर वाचले की १८८२ साली मुंबईत चक्रीवादळाने एक लाख माणसे मेली. यातले खरे काय मानावे?

उत्तर : दोन्ही गोष्टी बाजूला ठेवाव्यात, असे आमचे मत आहे. आधी १८८२ पाहू. त्या वर्षीच्या जूनमध्ये मुंबईत वादळाने एक लाख माणसे दगावल्याचा उल्लेख जगातल्या मोठ्या आपत्तींच्या अनेक याद्यांत आढळतो आणि एका यादीवरून दुसरीत उतरत तो इतका पसरला आहे की त्यालाच पुराव्याचे रूप आले आहे. परंतु १८८१च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या पावणेआठ लाखांच्या आसपास होती. म्हणजे दर आठ मुंबईकरांमागे एक जण त्या वादळात गेला असता. मराठी, गुजराती आणि इंग्रजी वृत्तपत्रे निघत असलेल्या, बंदर आणि कापडगिरण्यांमुळे ज्याच्या बारीकसारीक घडामोडींवर लंडनचेही लक्ष असे, अशा शहरात एवढा संहार व्हावा आणि त्याची नोंद कुठेच राहू नये, हे संभवत नाही. मुंबईला असलेल्या चक्रीवादळाच्या धोक्याचा अभ्यास करताना अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी या घटनेचा माग काढला, तेव्हा त्यांनाही तिचा विश्वासार्ह पुरावा मिळाला नाही. आपल्या नातवाने शंका घेऊन आपल्याला विचारले असेल, तर त्याचे कौतुक करावे.

आता मुंबादेवीविषयी. श्रद्धेबद्दल आम्हाला काही म्हणायचे नाही. वादळांच्या वाटा मात्र वाऱ्यांवर ठरतात. अरबी समुद्रात चक्रीवादळे मुख्यतः मे-जूनमध्ये, म्हणजे मोसमी पाऊस स्थिरावण्याच्या आधी, आणि पुन्हा ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात तयार होतात. जुलै-ऑगस्टमध्ये खालचे वारे एका दिशेने आणि उंचावरचे वारे दुसऱ्या दिशेने जोराने वाहत असल्यामुळे वादळाच्या ढगांचा उभा मनोरा सरळ राहत नाही आणि चक्रीवादळ सहसा घडत नाही. तयार झालेल्या वादळांपैकी बरीचशी पश्चिमेकडे किंवा वायव्येकडे, म्हणजे सोमालिया, येमेन किंवा ओमानकडे जातात आणि काही वळून गुजरातवर आदळतात. उत्तर कोकणाच्या वाट्याला त्यामुळे थोडी येतात. पण थोडी येतात म्हणजे येतच नाहीत असे नव्हे. नोव्हेंबर १९४८मधल्या वादळाने मुंबई ठप्प केली होती, ११ नोव्हेंबर २००९ रोजी ‘फयान’ मुंबई आणि अलिबाग यांच्यामध्ये किनारा ओलांडून गेले, आणि ‘निसर्ग’ची आठवण तर ताजीच आहे.

‘निसर्ग’मधून मुंबई कशी सुटली, ते समजून घेण्यासारखे आहे. आपल्या गोलार्धात चक्रीवादळाचे वारे घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरतात. त्यामुळे पश्चिम किनाऱ्यावर धडकणाऱ्या वादळाच्या केंद्राच्या दक्षिणेला वारा समुद्राकडून जमिनीकडे वाहतो आणि पाणी किनाऱ्यावर लोटतो, तर उत्तरेला तो जमिनीवरून समुद्राकडे वाहतो. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ अलिबागच्या दक्षिणेला जमिनीवर चढले आणि मुंबई केंद्राच्या उत्तरेला राहिली. तेच वादळ वसई-पालघरच्या बाजूला चढले असते, तर मुंबई केंद्राच्या दक्षिणेला आली असती आणि समुद्र शहराकडे लोटला गेला असता. समुद्रावर चार-पाचशे किलोमीटरचा प्रवास करून येणाऱ्या वादळाच्या वाटेत एवढा फरक पडणे काही अवघड नाही. ‘तौक्ते’ तर १७ मे २०२१ रोजी मुंबईच्या पश्चिमेकडून, शंभर किलोमीटरहून अधिक अंतर राखून, नुसते पुढे गेले. तरीही कुलाब्याला वाऱ्याचा झोत ताशी ११४ किलोमीटरवर गेला, कुलाबा आणि सांताक्रूझ या दोन्ही ठिकाणी २०० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडला, विमानतळ दिवसभर बंद ठेवावा लागला आणि गेटवेजवळच्या समुद्रकठड्याचे दगड उखडले. ज्याला आपण ‘वादळ चुकले’ म्हणतो, ते हे असे असते.

प्रश्न (एक वाचिका, माहीम) : आमची खोली समुद्राला लागून आहे. वादळाचा इशारा आला की पालिकेची माणसे येऊन जवळच्या शाळेत जायला सांगतात. खोली पक्की आहे, वारा तिला हलवणार नाही. घर उघडे टाकून गेल्यावर सामानाची काळजी लागते आणि मागच्या वेळी तर काही झालेही नाही. जाणे खरेच गरजेचे आहे का?

उत्तर : गरजेचे आहे, आणि त्याचे कारण वारा नसून पाणी आहे. वादळाच्या केंद्रातला कमी दाब समुद्राची पातळी काही प्रमाणात वर उचलतो, पण खरे काम किनाऱ्याकडे सतत वाहणारा वारा करतो. तो पाणी किनाऱ्याशी लोटून त्याचा फुगवटा तयार करतो. किनाऱ्याजवळचा तळ जितका उथळ आणि लांबवर पसरलेला, तितका हा फुगवटा मोठा, आणि मुंबईसमोरचा समुद्र तसा उथळच आहे. जगभर चक्रीवादळांतले मोठे मृत्यू याच पाण्याने घडवले आहेत. नोव्हेंबर १९७०मध्ये आजच्या बांगलादेशात किमान तीन लाख माणसे गेली, ती मुख्यतः समुद्राच्या लोंढ्यात. २९ ऑक्टोबर १९९९च्या ओडिशातल्या महाचक्रीवादळात सुमारे दहा हजार लोक दगावले, तेही बहुतांशी किनाऱ्यालगतच्या गावांत शिरलेल्या पाण्याने. त्याच ओडिशात ऑक्टोबर २०१३मध्ये ‘फायलिन’ आले, तेव्हा जवळजवळ दहा लाख लोकांना आधीच हलवले होते आणि बळींचा आकडा काही डझनांवर थांबला. वादळ थोपवता आले नाही, माणसे मात्र बाजूला करता आली.

मुंबईत आणखी एक गोष्ट पाहावी लागते, ती म्हणजे भरतीची वेळ. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला आपल्याकडे भरती साडेचार मीटरच्या वर जाते आणि भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या दिवसांत ती बरीच खाली राहते. दीड-दोन मीटरचा फुगवटा ओहोटीला आला, तर कदाचित चौपाटीवरच मुरेल. तोच उधाणाच्या ऐन भरतीला आला, तर पाणी आपल्या उंबऱ्याच्या आत येईल आणि नाल्यांतून, गटारांतून मागच्या बाजूनेही वर चढेल. वादळ नेमके किती वाजता किनाऱ्याशी येईल हे काही तासांच्या फरकाने बदलते, म्हणून भरती-ओहोटीचे गणित करून घरी थांबणे धोक्याचे ठरते. वारा अचानक पडला म्हणून परत येऊ नये, हेही सांगायला हवे. केंद्र डोक्यावरून जात असताना काही काळ शांतता असते आणि नंतर उलट दिशेने तितकाच जोराचा वारा सुटतो.

सामानाची काळजी आम्हाला क्षुल्लक वाटत नाही. शाळेत जायला सांगणाऱ्यांनी त्या शाळेत शौचालये, पिण्याचे पाणी, बायकामुलींसाठी स्वतंत्र खोली आणि रिकाम्या वस्तीवर पोलिसांची गस्त यांची हमी दिली, तर कोणी मागे राहणार नाही. ही मागणी वस्तीच्या वतीने एप्रिलमध्येच वॉर्ड कार्यालयाकडे लेखी करावी; वादळाच्या आदल्या रात्री कोणाला ऐकायला सवड नसते. शिधापत्रिका, आधार, घराची कागदपत्रे, मुलांचे दाखले आणि रोजची औषधे एका प्लास्टिकच्या पिशवीत बांधून दाराजवळ टांगून ठेवावीत, आणि निघताना विजेचे मुख्य बटण व गॅस बंद करावा. पालिकेचा आपत्कालीन क्रमांक १९१६ आहे. परतल्यावर साचलेल्या पाण्यातून चालावे लागले असेल आणि पायाला जखम असेल, तर लेप्टोस्पायरोसिसवरच्या प्रतिबंधक गोळ्यांबाबत दवाखान्यात लगेच विचारावे, ताप येण्याची वाट पाहू नये.

प्रश्न (एक वाचिका, वर्सोवा कोळीवाडा) : माझे पती तांडेल, म्हणजे बोटीचे प्रमुख आहेत आणि बोटीवर सात खलाशी असतात. इशारा येतो तेव्हा बोट खोल समुद्रात असते. अर्धी फेरी टाकून परत आल्यावर डिझेल, बर्फ आणि रेशन यांचा खर्च अंगावर पडतो, आणि कितीदा तरी बंदरात आल्यावर लख्ख ऊन असते. इशाऱ्यावर किती विश्वास ठेवावा?

उत्तर : आपल्या प्रश्नात हिशेबाची बाजू आहे आणि ती खरी आहे, इशारा मानण्याची किंमत इशारा देणाऱ्याला पडत नाही, ती बोटीवाल्याला पडते. बोट बुडाल्यावर सरकारी मदतीची तरतूद आहे, पण वेळेवर परत फिरल्याने वाया गेलेल्या फेरीचा खर्च भरून मिळत नाही. मच्छीमार संस्थांनी हा मुद्दा लावून धरावा असे आम्हाला वाटते, कारण परतीच्या डिझेलपुरती मदत मिळाली तरी अनेक तांडेल वेळेत सुकाणू वळवतील.

विश्वासाचे म्हणाल, तर आज चार-पाच दिवस आधी वादळाची चाहूल लागते. हवामान विभाग टप्प्याटप्प्याने इशारे देतो, मच्छीमारांसाठी वेगळी सूचना काढतो आणि बंदरावर बावटा चढतो. परंतु अंदाजात दाखवलेली वादळाची वाट ही रेघ नसते, पट्टा असतो. त्या पट्ट्यात आपले बंदर असूनही वादळ कडेने गेले, तर किनाऱ्यावर ऊन पडू शकते आणि त्याच वेळी साठ मैलांवर समुद्र खवळलेला असू शकतो. तेव्हा बंदरातल्या उन्हावरून इशारा खोटा ठरवू नये. दुसरे असे की, नाव मिळण्याची वाट पाहू नये. वाऱ्याचा वेग ताशी ६२ किलोमीटरवर गेल्यावरच प्रणालीला चक्रीवादळ म्हणतात आणि तेव्हाच नाव मिळते. त्याआधीच्या ‘तीव्र कमी दाबा’च्या पायरीवरही वारा ताशी ५० ते ६१ किलोमीटर असतो आणि लहान बोटीला तेवढा पुरेसा आहे. अलीकडची काही वादळे एका दिवसात तीव्रतेच्या दोन-दोन पायऱ्या चढली आहेत, ‘तौक्ते’ही त्यांपैकीच. त्या वेळी मुंबईसमोरच्या तेलक्षेत्रात नांगरलेल्या ‘पी-३०५’ या बार्जवर, म्हणजे कामगारांच्या तरंगत्या निवासावर, २६१ माणसे होती. इशारा काही दिवस आधीपासून होता. नांगर तुटले, बार्ज बुडाली, आणि नौदल व तटरक्षक दलाने उसळत्या समुद्रातून १८६ जणांना वाचवले तरी सत्तरहून अधिक माणसे गेली. लोखंडी बार्जची ही गत झाली, तिथे लाकडी किंवा फायबरच्या बोटीविषयी वेगळे काय सांगावे?

घरचेच बंदर गाठण्याचा हट्ट धरू नये. डिसेंबर २०१७मध्ये ‘ओखी’ आले, तेव्हा केरळ-तमिळनाडूच्या अनेक बोटी देवगडच्या बंदरात शिरल्या आणि वाचल्या. मोबाइलची रेंज किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर संपते, म्हणून बोटीवर व्हीएचएफ (बिनतारी) संच चालू स्थितीत असावा. इस्रोने विकसित केलेल्या ट्रान्सपॉन्डर या उपग्रहावरून संदेश देणाऱ्या-घेणाऱ्या संचामार्फत खोल समुद्रातही इशारा पोहोचतो आणि बोटीवरून संकटाचा संदेश पाठवता येतो. असे एक लाख संच देशभर बसवण्याच्या योजनेचा प्रारंभ ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरला झाला. आपल्या बोटीवर तो बसला आहे का, हे मत्स्यव्यवसाय कार्यालयात विचारावे.

एक गोष्ट आपण विचारलेली नाही, तरी ती सगळ्यांत महत्त्वाची वाटते. बोट निघण्यापूर्वी टोकन, म्हणजे समुद्रात जाण्याचा परवाना, घेताना सातही खलाशांची खरी नावे आणि गावे नोंदवलेली असावीत. ऐनवेळी एकाच्या जागी दुसरा चढतो आणि नोंद जुनीच राहते. माणूस समुद्रात बेपत्ता झाला आणि मृतदेह मिळाला नाही, तर कायद्याने त्याला मृत मानायला एरवी सात वर्षे जावी लागतात. त्यातून वाट काढून कुटुंबाला लवकर मदत द्यायची तर तो त्या बोटीवर होता हे आधी सिद्ध व्हावे लागते. खलाशी डहाणूचा असो की आंध्रचा, त्याच्या बायकोच्या हातात त्या एका नोंदीशिवाय काही नसते. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेखाली अपघाती मृत्यूसाठी पाच लाख रुपयांचे विमासंरक्षण आहे, पण तेही नोंदणी असलेल्यालाच.

प्रश्न (एका गृहनिर्माण संस्थेचे सचिव, दादर) : इमारत सात मजली आहे. वादळापूर्वी संस्थेने काय करावे? खिडक्यांना चिकटपट्टी लावावी, थोड्या उघड्या ठेवाव्यात, असे सल्ले येतात. ‘तौक्ते’त अंगणातला गुलमोहर दोन गाड्यांवर पडला होता.

उत्तर : चिकटपट्टीने काच मजबूत होत नाही; फुटल्यावर उलट मोठे, जड तुकडे पडतात. ‘आतला-बाहेरचा दाब समान राहावा म्हणून खिडकी उघडी ठेवा’ हाही जुना गैरसमज आहे. आत शिरलेला वारा दारे आणि पत्रे आतून ढकलतो, म्हणून सगळे घट्ट बंद ठेवावे आणि पश्चिमेकडच्या खिडकीजवळ कोणी झोपू नये.

खरा धोका गच्चीवर असतो. गळती थांबवण्यासाठी घातलेली पत्र्याची शेड वाऱ्याने खालून उचलली जाते आणि कोपऱ्यातला एक पत्रा सुटला की बाकीचे पाठोपाठ सुटतात. शेडचे हुक, बोल्ट आणि खांबांचे गंजलेले पाय एप्रिलमध्येच तपासून घ्यावेत. प्लास्टिकच्या टाक्या रिकाम्या असल्या तर उडतात, म्हणून त्या काठोकाठ भराव्यात. पुढे वीज गेल्यावर ते पाणी उपयोगीही पडते. ग्रिलवरच्या कुंड्या सदस्यांना आत घ्यायला लावणे हे सचिवांच्या आयुष्यातले सर्वांत कठीण काम असते याची आम्हाला कल्पना आहे, तरी ते करावे. लिफ्ट वरच्या मजल्यावर नेऊन बंद करावी. शेजारी मोठा जाहिरातफलक असेल, तर त्याच्या परवानगीविषयी पालिकेकडे लेखी चौकशी करावी. १३ मे २०२४ रोजी घाटकोपरला फलक कोसळून १७ जण गेले, तेव्हा चक्रीवादळही नव्हते, वळवाचे वादळ होते.

गुलमोहर आणि पर्जन्यवृक्ष यांचा पसारा मोठा आणि मुळे उथळ असतात. त्यात आपण बुंध्याला लागून पेव्हर ब्लॉक आणि काँक्रीट घालतो, आणि मुळांना जागा उरत नाही. ‘तौक्ते’त मुंबईत दोन हजारांहून अधिक झाडे पडली, त्यामागे हेही एक कारण होते. बुंध्याभोवती किमान मीटरभर माती मोकळी करावी. खासगी आवारातल्या झाडाची फांदी छाटायलाही १९७५च्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार परवानगी लागते. वॉर्डाच्या उद्यान विभागात अर्ज फेब्रुवारी-मार्चमध्येच द्यावा. छाटणी दोन्ही बाजूंनी समतोल हवी, रस्त्याकडची बाजू तेवढी सपाट केली तर झाड एका अंगाला कलते.

झाड पडून झालेले गाडीचे नुकसान सर्वसमावेशक विम्यात भरून मिळते, केवळ ‘थर्ड पार्टी’ विमा असल्यास मिळत नाही. पाण्यात बुडालेली गाडी सुरू करून पाहू नये, कारण त्यामुळे इंजिन बिघडले तर विमा कंपन्या बहुधा दावा नाकारतात. इमारतीसाठी आणि सदनिकांसाठी ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी एप्रिल २०२१पासून उपलब्ध आहे आणि तिच्यात वादळ, पूर यांचा समावेश आहे.

प्रश्न (एक विद्यार्थिनी, मुलुंड) : वादळांना नावे कोण देते? आणि अरबी समुद्रातली वादळे खरेच वाढली आहेत का?

उत्तर : आपल्या भागातले तेरा देश प्रत्येकी तेरा नावे सुचवतात आणि १६९ नावांची अशी यादी एप्रिल २०२०मध्ये जाहीर झाली. नावे क्रमाने दिली जातात, म्हणून त्यांचा वादळाच्या स्वभावाशी संबंध नसतो. ‘निसर्ग’ हे नाव बांगलादेशाचे होते आणि ‘तौक्ते’ म्यानमारचे. भारताने सुचवलेल्यांपैकी ‘गती’ आणि ‘तेज’ वापरून झाली आहेत. वापरलेले नाव पुन्हा घेत नाहीत.

वाढ झाली आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या अभ्यासात १९८२ ते २००० या काळाच्या तुलनेत २००१ ते २०१९ या काळात अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांची संख्या ५२ टक्क्यांनी वाढल्याचे दिसले. बंगालच्या उपसागरात मात्र ती किंचित घटली. समुद्राचे तापलेले पाणी हे त्यामागचे मुख्य कारण मानले जाते. मूळ संख्या लहान असल्यामुळे टक्केवारी मोठी दिसते हेही ध्यानात ठेवावे, आणि आजही बंगालच्या उपसागरातच अधिक वादळे होतात. आम्हाला संख्येपेक्षा त्यांच्या वेगाने बळावण्याची चिंता अधिक वाटते, कारण त्यामुळे तयारीला मिळणारा वेळ कमी होतो.

प्रश्न (एक वाचक, मालाड) : श्रीवर्धनजवळ आमची वडिलोपार्जित बारा गुंठ्यांची सुपारी-नारळाची वाडी आहे. ‘निसर्ग’मध्ये निम्मी झाडे गेली. सातबारावर चुलत भावंडांसह नऊ नावे आहेत, भरपाई नगण्य मिळाली. पुन्हा लागवड करावी की वाडी विकावी? आणि पुन्हा असे झाल्यास पंचनाम्यात काय पाहावे?

उत्तर : भरपाई नगण्य का, ते हिशेबावरून दिसते. तेव्हाच्या निकषांप्रमाणे फळबागांना हेक्टरी १८,००० रुपये मिळायचे. ‘निसर्ग’नंतर राज्य सरकारने ते ५०,००० केले, दोन हेक्टरांच्या मर्यादेत. आकडा मोठा वाटतो, पण हेक्टरात साधारण शंभर गुंठे येतात, म्हणजे गुंठ्याला पाचशे रुपये. शिफारशीच्या अंतराने गुंठ्यात तेरा-चौदा सुपाऱ्या बसतात आणि नवे रोप फळाला यायला सहा-सात वर्षे लागतात. आपल्या बाराही गुंठ्यांचे नुकसान धरले तरी सहा हजार रुपये आणि त्यात नऊ वाटे. हेक्टरी निकष विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतांकडे पाहून ठरलेला असतो. कोकणातल्या आगरांचे मोजमाप झाडांवरच करावे लागते, आणि झाडनिहाय मदतीची मागणी तेव्हा रायगडात जोराने झाली ती याचसाठी.

पंचनाम्याबाबत सांगायचे, तर तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक येण्यापूर्वी पडलेली झाडे तोडून हलवू नयेत. रस्ता मोकळा करण्यासाठी हलवावीच लागली, तर आधी प्रत्येक झाडाचे, शेजारची ओळखीची खूण येईल असे छायाचित्र घ्यावे. सातबाऱ्यावर पीक म्हणून सुपारी आणि नारळ यांची नोंद आहे का, हे आत्ताच पाहावे, कारण जुन्या वाड्यांत ती अनेकदा नसते. सामायिक खात्यात एका खातेदाराच्या बँक खात्यावर रक्कम जमा होण्यासाठी बाकीच्यांचे संमतीपत्र लागते. नऊ जणांच्या सह्या वादळानंतर, वीज आणि फोन बंद असताना गोळा करणे किती कठीण असते, ते आपण पाहिलेच असेल. म्हणून ते कागद गणपतीला सगळे गावी जमतात तेव्हाच करून ठेवावेत.

विकण्याबाबत आम्ही सल्ला देणार नाही, कारण तो नऊ घरांचा प्रश्न आहे. पण लागवड करायची असेल, तर आधी वाचलेल्या झाडांकडे पाहावे. सुपारीला फांद्या नसतात, शेंड्याचा एकच कोंब असतो. तो मोडला की झाड संपले. कललेला नारळ मात्र मुळे शाबूत असल्यास वाचतो. पडलेले नारळाचे बुंधे वाडीत कुजत ठेवू नयेत, त्यांत गेंड्या भुंगा वाढतो आणि उभ्या झाडांवर चढतो. जखमी खोडांवर सोंड्या भुंगाही येतो. आंबा-फणसासारखी मोठी झाडे पडल्यामुळे सावली गेली असेल, तर उरलेल्या सुपाऱ्यांची खोडे पश्चिमेच्या उन्हाने करपतात. त्यासाठी आणि नव्या रोपांच्या सावलीसाठी पहिल्याच पावसात केळी लावावी. तिचे उत्पन्नही वर्षभरात सुरू होते. पुढे मिरी, जायफळ, दालचिनी अशी मिश्र लागवड केली, तर सुपारी येईपर्यंत हात अगदीच रिकामे राहत नाहीत. रोपांसाठी दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचे श्रीवर्धनमधले सुपारी संशोधन केंद्र आपल्याला जवळ आहे. समुद्राकडच्या बाजूला सुरूचा किंवा स्थानिक झाडांचा दाट पट्टा आणि शेजारच्या वाड्यांनीही तो सलग राखणे, एवढाच वाऱ्यावरचा उपाय आहे. एकट्या वाडीने कुंपण घालून उपयोग होत नाही.

प्रश्न (एक महिला मंडळ, डोंबिवली) : कोकणात वादळ झाले की आम्ही कपडे आणि धान्य गोळा करून पाठवतो. आणखी काय पाठवावे?

उत्तर : जुने कपडे पाठवू नयेत. वादळानंतर गावच्या शाळेत त्यांचे ढीग साचतात आणि वर्ग सुरू करण्यापूर्वी ते हलवण्याचे काम गावाच्याच माथी येते. ‘निसर्ग’नंतर पावसाळा तोंडावर होता, घरांची कौले आणि पत्रे उडाले होते आणि दक्षिण रायगडातल्या अनेक गावांत कित्येक आठवडे वीज नव्हती. अशा वेळी लागतात जाड ताडपत्री, सुंभ आणि दोर, पत्रे, खिळे-हुक, सौरदिवे, पाणी उपसायला डिझेलवरचा पंप, आणि सगळ्यांत आधी छप्पर चढवू शकणारे सुतार व पडलेली झाडे कापणारी करवत. ती माणसे गावात कमी असतात. चार कुशल कारागिरांचा आठ दिवसांचा रोज आपल्या मंडळाने दिला, तर ट्रकभर धान्यापेक्षा ते अधिक कामाचे होईल. पाठवण्यापूर्वी ग्रामपंचायतीशी किंवा गावातल्या एखाद्या बचतगटाशी बोलून यादी घ्यावी, आणि रस्त्याकडेच्या पहिल्या गावातच गाडी रिकामी करू नये. आतल्या वाड्या, विशेषतः कातकरी आणि कोळी वस्त्या, तिथेच मागे पडतात. जमा झालेल्या पैशांतला निम्मा भाग दिवाळीपर्यंत राखून ठेवावा. पहिल्या पंधरवड्यात सगळे येतात. घरदुरुस्तीचे कर्ज, मुलांची शाळेची फी आणि नवी रोपे यांचा खर्च त्यानंतर सुरू होतो.